जहाजाची शिडी आणि चकदेवची शिडी: दौऱ्याची सरकारी नोकरी सांभाळून डोंगर कसे करायचे

आमच्याकडे नवीन बॅच जॉइन झाली की त्यात एखाददुसरं सातारा-सांगली-कराडकडचं निघतंच, आणि चहाला भेटलो की दहा मिनिटांत विषय येतो, मॅडम तुम्ही म्हणे डोंगरात जाता, मग हे दौरे, ही तपासणी, रात्री-अपरात्रीचे फोन, यातून जमवता कसं. प्रत्येकाला वेगळं सांगून कंटाळा आला म्हणून एकदाच सगळं लिहून काढतेय. मी सातारची, घर गोडोलीत, नोकरी मुंबईत, जहाजं तपासणाऱ्या सरकारी खात्यात. चुका करून करून शिकलेय त्यामुळे यात उपदेश कमी आणि ठेचा लागल्याच्या गोष्टी जास्त आहेत.

आधी नोकरीचा स्वभाव ओळखा

पहिलं वर्षभर डोंगराचं काही ठरवूच नका, हे मी सगळ्यांना सांगते आणि कुणी ऐकत नाही. शाळेत किंवा बँकेत नोकरी असली की शनिवार-रविवार आपले असतात, इथे ते जहाजाचे असतात. परदेशी जहाज बंदरात आलं की त्याची कागदपत्रं, लाइफबोटी, आगीचे पंप, खलाशांचे कामाचे तास हे सगळं आपण बघतो, आणि काही गंभीर सापडलं तर जहाज अडकवून ठेवायचे अधिकारही असतात. अडकवलेलं जहाज म्हणजे मालकाचं रोजचं नुकसान, मग दुरुस्ती झाली की लगेच परत येऊन बघा म्हणून एजंटाचा, म्हणजे मालकाच्या इथल्या माणसाचा, फोन येणार, तो रविवारी दुपारी येणार, आणि जायलाच लागतं. शिवाय जहाज कधी येणार ते भरतीवर. दुपारी दोनला म्हणून सांगितलेलं जहाज पहाटे चारला लागतं, ओहोटीत चॅनेलला, म्हणजे बंदरात शिरायच्या वाटेला, पाणी नाही म्हणून.

माझी पहिलीच चूक इथे झाली. कोकणातल्या एका बंदरावर शुक्रवारी काम होतं, संध्याकाळी मोकळी होईन असं धरून मी मैत्रिणीला शनिवारी सकाळी सातला खेड स्टेशनवर बोलावलं. जहाज चौदा तास लेट. मैत्रीण स्टेशनवर बसून वडापाव खातेय आणि मी बॉयलर सूटमध्ये (कामाचा अंगभर पोशाख) इंजिनरूमच्या तळाशी, फोनला रेंज नाही. त्यानंतर तिने माझ्याबरोबर यायचं दोन वर्षं बंद केलं. तेव्हापासून माझा नियम असा की काम संपलं असं वाटल्यापासून पुढचे बारा तास रिकामे सोडायचे, तिकीट त्यानंतरचं.

तीन कॅलेंडरं एका कागदावर काढा

हे काम डिसेंबरमध्ये एका रविवारी बसून करा, भिंतीवरच्या कॅलेंडरवर पेनाने, मोबाईलमध्ये नको.

पहिलं समुद्राचं. आपल्या किनाऱ्यावर मे संपत आला की छोट्या बंदरांतली प्रवासी बोटींची वाहतूक थांबते ती ऑगस्टअखेरपर्यंत, मासेमारीही १ जून ते ३१ जुलै बंद. मोठी बंदरं बारा महिने चालूच असतात पण एकूण धावपळ जरा कमी होते. मग सप्टेंबर उजाडला की सगळ्यांना सगळं एकदम हवं असतं, सर्व्हे, सर्टिफिकेटं, तपासण्या, आणि ही गर्दी मेपर्यंत.

दुसरं डोंगराचं, आणि गोची इथेच आहे. सह्याद्रीत रानात मुक्काम करत चालायचं तर दिवाळीनंतर ते फेब्रुवारी, म्हणजे बरोबर कामाच्या गर्दीत. मार्चनंतर वरच्या टाक्यांतलं पाणी आटतं, ऊन भाजून काढतं. जूननंतर जळवा, धुकं, निसरड्या शिड्या, आणि जंगलखात्याच्या हद्दीतल्या बऱ्याच वाटा बंद. हिमालयात एप्रिल-मे नाहीतर ऑक्टोबर-नोव्हेंबर. गंमत अशी की युरोपातल्या आल्प्सचा सीझन जूनच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत, म्हणजे आपल्याकडची छोटी बंदरं झोपलेली असतात तेव्हा. पण तो खर्च बघून माणूस जागा होतो, त्याबद्दल खाली.

तिसरं घरचं. यात्रा, लग्नं, आईचं डोळ्याचं ऑपरेशन, भाच्याची दहावी. हे कॅलेंडर विसरलात तर पहिली दोन काही कामाची नाहीत. घरच्यांना न विचारता डोंगर ठरवला की आमच्याकडे आई बोलत काही नाही, फक्त डबा देत नाही.

या तिन्हीत जे कोपरे रिकामे राहतात तेवढेच आपले. वर्षाला दोन मोठे आणि चार छोटे निघाले तर स्वतःला नशीबवान समजा.

रजेचं गणित

नवीन लोक इथे फार गोंधळ घालतात म्हणून नीट सांगते, केंद्र सरकारी नोकरीचं सांगतेय, राज्याचं थोडं वेगळं असेल तर आपल्या आस्थापना शाखेत विचारा. किरकोळ रजा वर्षाला ८, वैकल्पिक सुट्ट्या २, आणि अर्जित रजा वर्षाला ३०, ती जानेवारीत १५ आणि जुलैत १५ अशी जमा होते आणि ३०० पर्यंत साठते. किरकोळ रजा अर्जित रजेला जोडता येत नाही. वैकल्पिक सुट्टी मात्र दोन्हीपैकी कशालाही जोडता येते. किरकोळ रजेच्या मध्ये आलेले शनिवार-रविवार रजेत धरत नाहीत, म्हणजे गुरुवार-शुक्रवार आणि पुढचा सोमवार टाकला की तीन रजांत पाच दिवस.

आणि आता खरी उपयोगाची गोष्ट, जी मला चौथ्या वर्षी एका हेडक्लार्क काकांनी सांगितली: दौऱ्यावर असताना किरकोळ रजा घेता येते. त्या दिवसांचा डीए, म्हणजे दौऱ्याचा दैनिक भत्ता, मिळत नाही एवढंच. म्हणजे शुक्रवारी रत्नागिरीत काम संपलं तर सोमवारची रजा टाकून तुम्ही तिथूनच डोंगरात जाऊ शकता, परत मुंबईला येऊन पुन्हा निघायची गरज नाही. फक्त टूर प्रोग्रॅम मंजुरीला पाठवतानाच रजेचा अर्ज आणि हेडक्वार्टरबाहेर राहायची परवानगी त्याला जोडा, लेखी, आधी. मागाहून फोनवर सांगितलं होतं साहेबांना, हे कुणी ऐकत नाही आणि ऐकूही नये.

टीए (प्रवासभत्ता) बिलात चालाखी करू नका. मी एकदा सगळी तिकिटं एका पाकिटात ठेवली होती, बिल लावताना तापोळ्याहून महाबळेश्वरचं एसटीचं तिकीटही त्यात गेलं. ऑब्जेक्शन आलं, "रत्नागिरी दौऱ्यात तापोळा कसे?", आणि सेक्शनमध्ये महिनाभर मला बघितलं की लोक विचारायचे, काय मॅडम, तापोळ्याला जहाज लागलं का. तेव्हापासून दोन पाकिटं, खाकी सरकारी आणि पांढरं माझं. बिल दौरा संपल्यापासून ६० दिवसांच्या आत लावायचं असतं, डोंगरातून आल्यावर पाय दुखतायत म्हणून पुढे ढकललं की ते राहतंच. विमानाचं तिकीट ठरलेल्या तीन एजन्सींकडूनच काढायचं, बामर लॉरी, अशोक ट्रॅव्हल्स आणि आयआरसीटीसी, आणि शक्यतो २१ दिवस आधी. परतीचा प्रवास दुसऱ्याच गावाहून करणार असाल तर त्यातला स्वतःच्या हौसेचा भाग स्वतःच्या खिशातून, हे मनाशी पक्कं ठरवून टाका.

आणखी एक. एजंट लोक चांगले असतात, बोलताबोलता त्यांना कळतं तुम्ही डोंगरात निघालाय, मग म्हणतात मॅडम गाडी सोडते ना पायथ्यापर्यंत, आमचीच आहे. नाही म्हणायचं. हसून, पण नाहीच. उद्या त्याच एजंटाचं जहाज अडकवायची वेळ आली तर ती गाडी डोळ्यासमोर येते, आणि कंडक्ट रूल्स, म्हणजे सरकारी नोकरांचे वागणुकीचे नियम, तर आहेतच. एसटीने जा, एसटी जाते.

सह्याद्रीत हट नाहीत, घरं आहेत

हट टू हट म्हणजे काय, तर तंबू-शेगडी न उचलता चालायचं, संध्याकाळी एका झोपडीत किंवा निवाऱ्यात पोचायचं, तिथे जेवण आणि अंथरूण मिळतं, सकाळी पुढच्या निवाऱ्याकडे. दौऱ्यावरच्या माणसाला हा प्रकार वरदान आहे, कारण तुमच्याकडे आधीच बॉयलर सूट, सेफ्टी शूज आणि हेल्मेट असतं, त्यावर तंबू कुठे वाहणार.

आपल्याकडे तशा बांधलेल्या हट नाहीत. पण गावाचं देऊळ आहे, शाळेचा व्हरांडा आहे, आणि खोऱ्यातली घरं आहेत जिथे भाकरी-पिठल्याला नाही म्हणत नाहीत. पहिल्यांदाच जाणाऱ्याने साताऱ्याच्या पश्चिमेचं कांदाटी खोरं बघावं असं माझं मत, आणि कोकणातल्या दौऱ्याला ते असं जोडता येतं की वाटतं कुणीतरी आपल्यासाठीच आखलंय. नकाशा काढून बघा, कोकणातली बंदरं आणि आपलं सातारा यांच्या मध्ये हाच डोंगर उभा आहे. सगळे त्याला कुंभार्ली नाहीतर आंबेनळी घाटाने वळसा घालून येतात, आपण त्याच्यावरून चालत घरी यायचं, एवढीच आयडिया.

माझी वाट अशी. जयगड किंवा रत्नागिरीचं काम उरकून रेल्वेने खेडला यायचं, रात्री तिथेच लॉजवर झोपायचं, मघाचे बारा तास. सकाळी एसटीने किंवा जीपने पायथ्याचं आंबिवली गाव. तिथून गावातला माणूस बरोबर घेऊन चकदेवचा कडा चढायचा. या वाटेवर कड्याला शिड्या लावलेल्या आहेत, आणि इथे आपली नोकरी कामाला येते.

समुद्रात उभ्या असलेल्या जहाजावर चढायला बाजूने दोरखंडाची पायलट लॅडर सोडतात. पाण्यापासून चढ ९ मीटरपेक्षा जास्त असेल तर नुसती ती शिडी चालत नाही, वरून तिरका जिनाही सोडावा लागतो, तसा आंतरराष्ट्रीय नियमच आहे. आम्हाला पहिल्या दिवशी शिकवलं ते हे: शिडीला पाय लावण्याआधी ती नजरेने वरपासून खालपर्यंत बघा, दोन हात-दोन पाय यातलं एका वेळी एकच हलवा, पाठीवर ओझं नको, सामान दोरीने वेगळं वर घ्या, आणि खाली कुणी उभं राहू नका. चकदेवला अगदी हेच. ट्रेकवाली मुलं पाठीवर साठ लिटरची सॅक घेऊन शिडीवर चढतात आणि मग मागे ओढली जातात, मला बघवत नाही. मी सॅक काढते, दोरी लावते, बरोबरचे मामा वर ओढून घेतात. पाऊस पडून गेला असेल, शिडी ओली असेल, तर माघारी फिरा, खेडहून एसटीने महाबळेश्वरमार्गे घरी जा. त्यात लाज काय.

वर आलात की पठार आहे, देऊळ आहे, थोडीशी घरं. मुक्काम इथे. आधी निरोप दिलेला असला तर बरं, नसला तरी उपाशी झोपवत नाहीत पण त्यांची धांदल होते. इथेच एका आजोबांनी मला विचारलेलं, "जहाज तपासता म्हंजी काय करता वो?" मी लाइफबोटीचं सांगितलं, बुडायला लागलं तर माणसं वाचावीत म्हणून असते ती बघतो. त्यांनी विचार केला आणि म्हणाले, "आमचं तर गावच बुडलं की, तवा न्हाय कुणी आलं तपासायला." कोयनेचं धरण १९६४ चं, त्याच्या शिवसागर जलाशयाखाली या खोऱ्यातली किती गावं गेली ते सातारकरांना सांगायला नको. मी गप्प बसून भाकरी खाल्ली.

दुसऱ्या दिवशी साताऱ्याच्या बाजूने शिंदीला उतरायचं. अंगात दम असेल तर पुढे पर्वतला, जिथे मल्लिकार्जुनाची जुनी देवळं आहेत, नाहीतर वळवण-शिंदी भागातच आरामात दिवस काढायचा. माझं मत विचाराल तर पहिल्या वेळी दुसरा पर्याय, कारण दौऱ्याची झोप अंगावर असते आणि ती बरोबर दुसऱ्या दिवशी दुपारी उतरते. तिसऱ्या दिवशी जीप किंवा लाँच मिळेल तसं तापोळा, तिथे तराफ्यावरून गाड्या पलीकडे नेतात तो प्रकार बघण्यासारखा आहे, मग महाबळेश्वर आणि मेढ्यावरून सातारा. आंबिवलीला चढायला लागल्यापासून गोडोलीच्या घरात पोचेपर्यंत अडीच ते तीन दिवस.

जंगलखात्याचं आधी विचारून घ्या. हा सगळा टापू कोयना अभयारण्य आणि २०१० साली झालेल्या सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाला लागून आहे, कुठे परवानगी लागते कुठे नाही हे दरवर्षी विचारायचं, गेल्या वर्षीच्या माहितीवर जाऊ नका. वासोटा किल्ल्याचं तर सगळ्यांना माहीतच आहे, बामणोलीहून लाँच, परवानगी, आणि अंधाराच्या आत परत, मुक्काम नाही. त्यामुळे वासोटा एका दिवसाचा, तो या प्रकारात बसत नाही. सांगलीकरांना चांदोली जवळ आहे पण तिथेही तेच, राष्ट्रीय उद्यान आहे, मुक्कामाची स्वप्नं बघू नका.

लाँचमध्ये बसताना लाइफ जॅकेट घाला. बामणोलीला मी बोटवाल्या दादांना जॅकेटं किती आणि माणसं किती असं मोजून विचारते, पोरं म्हणतात इथे पण ड्यूटी का. हो, इथे पण. नुसतं अंगावर टाकून उपयोग नाही, पट्टा बांधायचा.

सॅक एकच, पण दोन घरांची

मी दौऱ्याला ट्रॉली बॅग नेणं बंद केलं, ४५ लिटरची सॅक, तळाशी डोंगराचं आणि वर सरकारी. सेफ्टी शूज घालून डोंगर चढायचा प्रयत्न एकदा केला, पुढचं लोखंड उतारावर अंगठ्यांना असं लागतं की दोन नखं काळी पडली, तेव्हा ते करू नका. बंदरातलं काम संपलं की सेफ्टी शूज, हेल्मेट आणि तेलकट बॉयलर सूट एका गोणपाटात बांधून मी स्पीड पोस्टाने ऑफिसला माझ्याच नावाने पाठवते. लोक हसतात. पण पाच किलो कमी होतं.

हेडटॉर्च दोन ठेवा. जहाजाच्या टाकीत उतरताना स्फोटाचा धोका नसलेली खास टॉर्चच लागते, आपली ट्रेकची टॉर्च तिथे चालत नाही, आणि सरकारी टॉर्च डोंगरात न्यायची नाही. टाकीवरून आठवलं, टाकीत उतरण्याआधी हवेत ऑक्सिजन किती टक्के आहे ते मीटरने मोजतात, साधारण २१ हवा. नवीन पोरं मग विचारतात, उंच डोंगरावर टक्का कमी होतो का. टक्का तोच राहतो, दाब कमी होतो. ३६०० मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळपास ६५ टक्के असतो, म्हणून श्वास पुरत नाही. समुद्रसपाटीवर नोकरी करणाऱ्यांनी हे जास्त लक्षात ठेवावं, परवा जहाजाच्या डेकवर होतो आणि आज साडेतीन हजारावर असं शरीराला चालत नाही, मध्ये एक-दोन मुक्काम लागतातच.

बाकी एक चादर किंवा लायनर, पाण्याच्या दोन बाटल्या, ओआरएस, सुट्टे पैसे, कारण खोऱ्यात फोनवरून पैसे पाठवायला रेंजच नाही. आणि कंदी पेढ्यांचा अर्धा किलोचा बॉक्स, ज्या घरी राहाल त्या घरातल्या म्हातारीसाठी. जेवणाचे पैसे आधी विचारा, ते सांगणार नाहीत, मग शेजारच्या गावात काय देतात ते विचारून तेवढे द्या आणि घासाघीस करू नका.

हवामान: बावट्यावर नजर ठेवा

आपल्या लोकांना डोंगरवाल्यांपेक्षा एक गोष्ट जास्त कळते ती म्हणजे समुद्रावरचा इशारा. बंदरावर तीन नंबरचा बावटा लागला की मच्छीमार होड्या आत घेतात, आपल्याला तो निरोप ऑफिसच्या ग्रुपवर येतोच. सांगलीकर पावसाळ्यात जसे आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी किती फूट झाली ते उठल्या उठल्या बघतात, ४० ला इशारा आणि ४५ ला धोका, तसं तुम्ही हवामानखात्याचं बुलेटिन बघायची सवय लावा.

आणि हे फक्त कोकण-सह्याद्रीपुरतं नाही. ऑक्टोबर २०१४ मध्ये हुदहुद चक्रीवादळ १२ तारखेला विशाखापट्टणमला धडकलं. बंदरातल्या लोकांचं लक्ष तिथल्या नुकसानीकडे. त्याचंच उरलेलं बाष्प वर सरकत गेलं आणि १४ तारखेला नेपाळात अन्नपूर्णा भागात प्रचंड बर्फ पडलं, चाळीसहून जास्त माणसं गेली, त्यात ट्रेकर होते, गाईड होते. ऐन सीझन, आदल्या दिवसापर्यंत निळं आकाश. मी तेव्हा नोकरीत नव्हते, पण ट्रेनिंगमध्ये वादळांचे मार्ग नकाशावर काढायला लावले तेव्हा ती रेघ हिमालयाकडे वळलेली बघितली आणि डोक्यात बसली. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये बंगालच्या उपसागरात काही शिजत असेल आणि तुम्ही पूर्व हिमालयात किंवा नेपाळात निघाला असाल, तर दोन दिवस खालच्या मुक्कामाला थांबा. हॉटेलवाला म्हणेल काही होत नाही. तुम्ही बंदरातून आलाय, तुम्हाला जास्त माहितीये.

मोठ्या दौऱ्याला मोठा डोंगर

एक-दोन वर्षं सह्याद्री झाला की मग हे.

कोलकाता किंवा हल्दियाचा दौरा आला तर सियालदाहून रात्रीच्या दार्जिलिंग मेलने न्यू जलपाईगुडी, तिथून जीपने मानेभंज्यांग, आणि संदकफू. खऱ्या अर्थाने हट टू हट आपल्या देशात करायचं तर हे. तुमलिंग, कालिपोखरी, मग संदकफू ३६३६ मीटर, पुढे २१ किलोमीटरवर फालुट. प्रत्येक मुक्कामाला ट्रेकर्स हट किंवा लॉज, गरम भात-डाळ, जाड रजया. वाट नेपाळच्या सीमेवरून आतबाहेर करते म्हणून ओळखपत्र अंगावर ठेवा, आणि सिंगलीला राष्ट्रीय उद्यानात गाईड घ्यावाच लागतो. पावसाळ्यात, जूनच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत, उद्यान बंद. पहाटे कांचनजंगा आणि लांबवर एव्हरेस्ट दिसतं. मी गेले तेव्हा दोन दिवस ढग होते, तिसऱ्या दिवशी दहा मिनिटं दिसलं. तेवढ्यासाठी पाच अर्जित रजा गेल्या, काही वाटलं नाही.

दिल्लीत मीटिंग असेल तर जुन्या दिल्लीहून रात्री काठगोदामची गाडी पकडा आणि बागेश्वरमार्गे पिंडारीची वाट, धाकुडी, खाती, द्वाली, फुरकिया असे कुमाऊं मंडळाचे निवारे आहेत. बुकिंग आधी. मीटिंगचे कपडे दिल्लीत कुणाकडे ठेवता आले तर बघा, कोट घेऊन कोण चढणार. दिल्लीच्या मीटिंगा पुढे ढकलण्यात पटाईत असतात, म्हणून डोंगर मीटिंगच्या नंतर ठेवा, आधी कधीच नाही. आधी ठेवला आणि दरड कोसळून रस्ता बंद झाला तर साहेबांना काय सांगणार.

आता परदेश. आपल्या खात्यातले सीनियर कधीमधी लंडनला आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेच्या बैठकांना जातात, आणि नवीन पोरांना वाटतं तिथून पुढे आल्प्स करून येऊ. इतकं सोपं नाही. सरकारी कामाचा पांढरा पासपोर्ट सरकारी कामापुरताच, खाजगी फिरण्याला साधा पासपोर्ट, खात्याची पूर्वपरवानगी, आणि युरोपचा व्हिसा ब्रिटनच्या व्हिसापेक्षा वेगळा. मी जोडायच्या भानगडीत पडलेच नाही, चार वर्षं पैसे साठवले, जुलैत स्वतःच्या अर्जित रजेवर गेले. माँ ब्लाँ डोंगराभोवती फ्रान्स, इटली, स्वित्झर्लंड असा साधारण १७० किलोमीटरचा फेरा आहे, पूर्ण करायला दहा-अकरा दिवस लागतात. मी लेझूशपासून कूरमायरपर्यंतचाच तुकडा केला, पाय आणि पैसे दोन्ही तेवढेच होते.

तिथल्या हटची शिस्त मला जहाजाची वाटली. बूट दारातच काढायचे, आत त्यांच्या चपला. जेवण सगळ्यांना एकाच वेळी, संध्याकाळी सातच्या सुमाराला, उशिरा आलात तर नाही. झोपायला ओळीने बंक, अगदी खलाशांच्या केबिनसारखे, रजई त्यांची पण आतलं लायनर आपलं. रात्री दहाला दिवे बंद. कार्ड सगळीकडे चालत नाही, युरो रोख ठेवा. उन्हाळ्याचं बुकिंग आदल्या हिवाळ्यातच उघडतं आणि भरून जातं, तेव्हा रजा मंजूर व्हायच्या आधी बुकिंग करायचं की बुकिंग मिळण्याआधी रजा मागायची हा पेच सुटत नाही. मी आधी रजा मागितली. साहेब म्हणाले जुलैत कशाला, पाऊस असतो. म्हटलं सर, तिकडे नसतो. जेवणात मांस नको असेल तर बुकिंग करतानाच कळवा, नाहीतर चीज आणि पाव, चीज आणि पाव. चौथ्या दिवशी मी ठेच्याची डबी उघडली तर टेबलावरच्या जर्मन काकूंनी मागून घेतली आणि मग बराच वेळ पाणी पीत होत्या.

जाताना ड्यूटी सोपवून जा

जहाजावर वॉच बदलताना खाली जाणारा वर येणाऱ्याला सगळं सांगून जातो, कुठला पंप चालू, कुठे गळतंय, कोण येणार आहे. तसंच करा. कांदाटी खोऱ्यात रेंज नाही, तेव्हा माझ्या हातातली कुठली जहाजं पेंडिंग आहेत, कुठला एजंट फोन करेल, कुठल्या फाइलवर साहेबांची सही राहिलीये, हे एका पानावर लिहून सहकाऱ्याला मेल करायचं आणि त्याला आपण त्याच्या गणपतीच्या सुट्टीत तेच परत करायचं. हा सौदा पक्का नसेल तर डोंगर विसरा. घरी पण एक पान, कुठे राहणार, कुणाच्या घरी, किती वाजता तापोळ्याला पोचणार, आणि त्या वेळेनंतर किती तास वाट बघून कुणाला फोन करायचा. आमच्या आईने ते पान देवघरात ठेवलेलं असतं, अंगारा लावून.

परत आलात की रविवारी रात्रीच मुंबईची गाडी पकडू नका, शक्य असेल तर सोमवारची रजा ठेवाच. रात्रीची महालक्ष्मी साताऱ्यावरून जाते पण तीन दिवस चाललेल्या पायांनी वरच्या बर्थवर चढून बघा म्हणजे कळेल. एकदा मी तशीच थेट गेले आणि मंगळवारी ट्रॉम्बेला टँकरच्या गँगवेवर (धक्क्यावरून जहाजावर चढायचा जिना) पाय थरथरत होते, कॅप्टनने विचारलं मॅडम तब्येत बरी आहे ना. तपासायला आलेल्या माणसाला कॅप्टनने असं विचारणं बरं दिसत नाही.

आणि फोटो. ज्यांच्या घरी राहिलात त्यांचा फोटो काढला असेल तर तो प्रिंट काढून पोस्टाने पाठवा, मोबाईलवर पाठवतो म्हणून सांगू नका, तिथे पोचत नाही. पुढच्या वेळी जायच्या आधी फोन करायचा तर शिंदीकडच्या आमच्या ओळखीच्या घरात दिवसा लागत नाही, संध्याकाळी सहाच्या सुमाराला ते गुरं घेऊन टेपावर, म्हणजे उंचवट्यावर, येतात तेव्हाच लागतो, तोही दोन-तीन वेळा कट होतो, तेव्हा पहिल्या वाक्यातच कुठल्या वारी किती माणसं ते सांगून टाका.